मशीन का घेत नाही?

आमच्या पडवीत कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायचे थांबवून उबवायला बसली, की आठवड्याच्या आत कोणीतरी विचारतेच, की एवढी यातायात कशासाठी, एक अंडी उबवायचे मशीन आणा, अंडी ठेवा, एकविसाव्या दिवशी पिल्ले मोजून घ्या. विचारणारा कधी शेजारी असतो, कधी गणपतीला आलेला मुंबईचा पाहुणा, आणि बहुतेक वेळा माझा भाचा, ज्याच्याकडे 48 अंड्यांचे मशीन आहे. मी दर वेळी वेगळे उत्तर देते. त्यावरूनच खरे तर तुम्हाला समजायला हवे होते की माझ्याकडे पक्के उत्तर नाही. पण पुन्हा विचारलेत, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

माझे नेहमीचे उत्तर विजेचे असते. कोकणातल्या पावसाळ्यात वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही, आणि कोंबडीला वीज लागत नाही. ऐकणाऱ्याला हे पटते. मात्र आमच्या घरी इन्व्हर्टर आहे, हे मी त्या वेळी सांगत नाही.

हिशेबाचे म्हणाल तर तोही माझ्या बाजूने नाही. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. मग 21 दिवस बसणे आणि त्यापुढे दीड-दोन महिने पिल्लांमागे हिंडणे, म्हणजे जवळजवळ तीन महिने तिचे एकही अंडे मिळत नाही. खुडूक मोडली तर ती दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते. ती मोडण्यासाठी लोक तिला पाण्यात बुडवतात, टोपलीखाली कोंडतात, नाकपुडीतून पीस ओवतात. यांतला पहिला प्रकार मी स्वतः दोनदा केलेला आहे. तेव्हा मला कोणी फार दयाळू समजू नये.

मी हट्ट धरते तो बहुधा पाहण्यापायी. खुडूक कोंबडी पोटाखालची पिसे गाळते आणि उघड्या कातडीची ऊब थेट अंड्याला देते. दिवसातून कितीतरी वेळा ती चोचीने अंडी फिरवते, कडेचे मध्ये घेते, मधले कडेला लोटते; मी अंड्यांवर पेन्सिलीने खुणा करते म्हणून हे मला दिसते. शेवटच्या दिवसांत कवचाच्या आतून पिल्लू चिवचिवते आणि ती घशातल्या घशात त्याला उत्तर देते. हे ऐकल्यावर मी अनेकांना ठामपणे सांगत असे की तिला सगळे कळते.

ते मी आता सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी, मृगाच्या पावसात, तांबडीखाली बारा अंडी ठेवली होती. सातव्या रात्री टॉर्चवर धरून पाहिली. एकात शिरा दिसल्या नाहीत, ते काढले, अकरा राहिली. एकोणिसाव्या दिवशी सकाळी ती रोजच्यासारखी दाणे खायला उठली आणि मी बाजाराला गेले. दुपारी दोनच्या सुमारास परत आले, तेव्हा तांबडी शेजारच्या टोपलीत, दुसऱ्या कोणा कोंबडीच्या एकाच अंड्यावर, पिसे फुगवून बसली होती. हातभर अंतरावर तिची स्वतःची अंडी उघडी पडलेली. मोजली तर बारा भरली. बारावे पेन्सिलीच्या खुणेवाचून होते, तेव्हा प्रकार लक्षात आला: ती उठल्यावर पांढरी तिच्या टोपलीत शिरून अंडे घालत बसली, आणि तांबडीने जागा अडलेली पाहून शेजारची धरली. पुढे पांढरी निघून गेली, पण तांबडीला परतायचे सुचले नाही.

अंडी गालाला लावून पाहिली. गार होती. मी ती कानाशी धरली नाहीत, कोमट पाण्यात सोडून हलतात का ते पाहिले नाही. तासन् तास उघडी राहिली म्हणजे संपली, असे ठरवून खुणांची अकरा पदरात घेतली आणि माडाच्या आळ्यात टाकायला गेले. पहिले टाकले, ते दगडावर फुटले. आत पिल्लू होते, ओले, काळसर, बलकाची पिशवी अजून अर्धी पोटाबाहेर, आणि ते पाय हलवत होते. त्याला तत्काळ यातनेतून सोडवायला हवे होते हे मला ठाऊक होते. मी ते केले नाही. पदरातली दहा अंडी सावरत, पावसात, ते शांत होईपर्यंत तिथेच उभी राहिले. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही.

उरलेली दहा मी परत टोपलीत ठेवली आणि तांबडीला उचलून त्यांच्यावर बसवली. तिने एकेक अंडे चोचीने पोटाखाली ओढून घेतले, जणू मधे काही घडलेच नव्हते. पूर्ण वाढत आलेला जीव काही तासांचा गारठा सोसतो, हे मी त्यानंतर शिकले. बाविसाव्या रात्रीपासून तेविसाव्या दुपारपर्यंत सहा पिल्ले निघाली. राहिलेली चार मी फोडून पाहिली नाहीत.

भाचा म्हणाला, "मावशी, मशीन चुकीच्या टोपलीत जाऊन बसत नाही." त्याचे बरोबर आहे. कोंबडी चिनी मातीच्या अंड्यावरही तितक्याच निष्ठेने बसते. पण मशीनचे काम एकविसाव्या दिवशी संपते, असे मी त्याला उलट सुनावले. आकाशात घार दिसली की तांबडी एकच लांब सूर काढते आणि पिल्ले जागच्या जागी दबतात. त्याच्या पिल्लांना असा सूर देणारे कोणी नव्हते, आणि मोकळी सोडली त्या पहिल्याच आठवड्यात दोन घारीने नेली. यावर त्याने वरून जाळी बांधली. आता एकही जात नाही. माझी मात्र सहांतली तीन मुंगसाने नेली, तांबडी समोर असताना.

लशीचेही तेच. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात थेंबाने द्यायची असते. बाटली असते शंभर मात्रांची, आणि एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते. त्याची 40 पिल्ले खोक्यात रांगेने मिळतात. मी सहांसाठी बर्फात बाटली घेऊन बसते, एका हाताने थेंब सोडते आणि दुसऱ्या हातावर तांबडीच्या चोची खाते. उरलेली लस घेऊन वाडीत घरोघर फिरते, आणि त्या घरांपैकी निम्म्या घरांत मला हाच प्रश्न विचारला जातो.

दिवाळीला भाचा त्याचे जुने मशीन मला देऊ करतो आहे. मी हो म्हटलेले नाही आणि नाहीही म्हटलेले नाही. तांबडी सोमवारपासून पुन्हा खुडूक आहे. तिच्याखाली दहा अंडी ठेवली आहेत, खुणा केलेली. ती दाणे खायला उठते तेव्हा मी टोपलीवर बारदान टाकून बाजूला उभी राहते आणि ती परत बसेपर्यंत हलत नाही. शेजारची टोपली मी पालथी घातली आहे. पांढरी त्या पालथ्या टोपलीवर बसून राहते.