‘आम्ही रांगेत उभे राहून आलो’

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या तोंडून एक वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे: ‘आम्ही रांगेत उभे राहून, कायद्याने आलो.’ ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्कराचे विमान कागदपत्रांविना तिथे गेलेल्या १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला घेऊन आले, तेव्हापासून ते अधिकच मोठ्याने ऐकू येऊ लागले. त्या विमानात तिघे महाराष्ट्रातले होते. त्यांच्याबद्दल हळहळण्याआधी आपण त्यांच्यातले नाही हे सांगण्याची आपल्याला घाई झाली, याचे मला मनापासून दुःख होते.

ही रांग मुळात कोणी उघडली, हे आपण विसरतो. १९१७ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेचे दार जवळपास बंदच केले होते. १९४६ मध्ये ते किलकिले झाले, तेही वर्षाला १०० जणांपुरते. ते खऱ्या अर्थाने उघडले ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने, आणि त्यामागे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचा रेटा होता. त्याच वर्षी मार्चमध्ये अलाबामा राज्यातल्या सेल्मा येथे मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या लोकांची डोकी फुटली होती. नव्या कायद्याने डॉक्टर, इंजिनिअर अशा शिकलेल्यांना प्राधान्य दिले, आणि भारतातल्या करदात्यांच्या पैशावर शिकलेले आपले लोक निवडून घेतले गेले. त्या चाळणीतून आलेल्यांच्या यशाला पुढे ‘आपले संस्कार’ असे नाव मिळाले. १९६६ मध्ये तिथली नियतकालिके जपानी आणि चिनी वंशाच्या लोकांच्या कष्टाळूपणाचे गोडवे गाऊ लागली, तेव्हा त्या कौतुकाचा रोख हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांकडे होता. ‘आदर्श अल्पसंख्य’ हा मान आपल्याला त्या तुलनेतून मिळाला आहे.

वरच्या पंगतीत बसण्याची ही धडपड त्याहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेल्या भगतसिंग थिंड यांनी नागरिकत्व मागताना आपण उच्चवर्णीय आर्य आहोत, म्हणून गोरे आहोत, असा दावा केला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. त्यानंतर ज्यांना नागरिकत्व आधीच मिळाले होते, अशांचेही काढून घेण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोतले व्यापारी वैष्णोदास बगाई यांनी या आघातानंतर १९२८ मध्ये आत्महत्या केली. वर्णाची उतरंड तशीच ठेवून तिच्यात फक्त स्वतःसाठी वरची पायरी मागणारा तो युक्तिवाद वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होते, कारण त्याचा सूर आपल्या बैठकींत मी अनेकदा ऐकला आहे.

२०२५ च्या गणेशोत्सवात, भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात, ताटात मसालेभात वाढून घेता घेता एक काका मला म्हणाले, ‘अगं, आपण कोणाच्या अध्यात ना मध्यात. कर वेळेवर भरतो, सरकार कोणाचेही असो, त्याच्याशी जमवून घेतो. आपल्याला कोण कशाला हात लावील?’ पुढे काही दिवसांतच कुशल परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, आणि नियम नेमका कोणाला लागू हे स्पष्ट होईपर्यंत, पुण्याला गेलेला त्यांचा भाचा मिळेल त्या भावाने परतीचे तिकीट शोधत होता.

कोणत्या पक्षाला मत द्यावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. कर, शाळा, परराष्ट्र धोरण, यांपैकी कशावरूनही ते ठरवता येते. पण २०१९ मध्ये ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये मोदी आणि ट्रम्प हे दोन देशांचे नेते हातात हात घालून फिरले म्हणून आपल्याला अभय मिळाले, असे मानणारी निष्ठा मला पटत नाही. असे अभय देणारा ते केव्हाही काढून घेऊ शकतो. कायद्याने मिळालेला हक्क मात्र सर्वांचा असला तरच टिकतो.

आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला मी पत्र लिहिले आहे. दरवर्षीच्या यशस्वी उद्योजकांच्या सत्काराबरोबर इमिग्रेशनच्या वकिलाचे मोफत मार्गदर्शन ठेवावे, आणि ज्यांच्याकडे कागदपत्रे नाहीत त्यांनाही, नाव न विचारता, त्यात बसू द्यावे, अशी माझी मागणी आहे.