राजदूत ३५०: मंदावलेल्या सुया पुन्हा हलत्या करताना

डिसेंबरात पहाटे सांगलीहून कोल्हापूरच्या रस्त्याला लागलो, की माझ्या राजदूत मोटरसायकलचा स्पीडोमीटर पहिली काही मिनिटं झोपलेलाच असायचा. गाडी पन्नाशीत असली तरी सुई वीसवर. अंकलीच्या पुलापर्यंत हळूहळू वर चढायची, आणि ऊन तापल्यावर परत येताना बऱ्यापैकी ठीक चालायची. टॅकोमीटरचं, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचं, उलटं होतं. थ्रॉटल सोडला, इंजिन खाली आलं, तरी सुई तीन-चार सेकंद वरच रेंगाळायची. दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनाचा आवाज एक सांगतोय आणि सुई दुसरंच, हे मला सहनच होईना.

गाडी १९८६ची, म्हणजे एलटी (लो टॉर्क) मॉडेल. मामांनी वापरलेली, मग माझ्याकडे आलेली. मीटर मूळचे आहेत आणि ते मूळचेच राहावेत हा माझा हट्ट. ‘नवीन जोडी बसव, कटकट संपेल’ असं तिघांनी सांगितलं. पण त्या आकड्यांत मामांचे किलोमीटर आहेत. ते काढून फेकायला माझं मन होत नाही.

सगळ्यांप्रमाणे मीही आधी केबललाच दोष दिला. बाजारातून नवी स्पीडोमीटर केबल आणली. बसवताना वरचा नट शेवटपर्यंत घट्ट होईना. जुनी शेजारी ठेवून मोजली, तर नवीची आतली तार चार मिलिमीटर जास्त बाहेर येत होती. नट जबरदस्तीने आवळला असता, तर ती तार मीटरच्या शाफ्टला खालून रेटत राहिली असती आणि मीटरच मेला असता. म्हणून नवी केबल बसवण्याआधी जुनीशी मापून बघा. तार आत बसल्यावर बोटाने किंचित वरखाली हलली पाहिजे.

मग डोकं शांत ठेवून विचार केला. सुई वीसवर असतानाही खालचे किलोमीटरचे आकडे बरोबर पळत होते. मैलाच्या दगडांशी दोनदा ताडून पाहिलं. म्हणजे पुढच्या चाकातला गिअर, केबल आणि मीटरचा शाफ्ट, तिन्ही ठीक. दोष त्याच्या पुढे, सुईकडे होता.

आतली रचना ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. केबल एक लोहचुंबक फिरवते. त्या चुंबकावर ॲल्युमिनियमची छोटी वाटी असते, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो. चुंबक फिरला की वाटीत भोवरी प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विजेचे प्रवाह, तयार होतात आणि वाटी चुंबकाच्या मागे ओढली जाते. तिला हेअरस्प्रिंग, म्हणजे घड्याळातल्यासारखी केसाएवढी बारीक कमान, मागे खेचत असते. ओढ आणि कमान जिथे बरोबरीत येतात, तिथे सुई थांबते. ओटो शुल्झ या जर्मन माणसाने १९०२ साली याचं पेटंट घेतलं. किलोमीटरचे आकडे मात्र त्याच शाफ्टवरच्या गिअरने फिरतात, म्हणून ते अडत नाहीत. वाटीला ओढणारा जोर फारच नाजूक असतो. तिच्या स्पिंडलच्या (बारीक दांड्याच्या) बुशमध्ये, म्हणजे तो ज्यात फिरतो त्या नळीत, जुनं वंगण चिकट झालं, की तेवढ्यानेच सुई अडते. थंडीत ते आणखी घट्ट होतं. अंकलीच्या पुलाचं कोडं तिथे सुटलं.

आणखी एक कारण मी स्वतःच पुरवलं होतं. दरवर्षी केबलमध्ये वरून भरभरून तेल ओतायचो. फिरणाऱ्या तारेचे पीळ स्क्रूसारखं काम करतात आणि ते तेल वर मीटरमध्ये चढवतात. आता केबलला खालच्या बाजूने पातळ ग्रीस लावतो आणि वरची वीतभर तार पुसून कोरडी ठेवतो.

मीटर उघडायला एक अख्खा रविवार गेला. काचेभोवतीची रिम मागच्या बाजूला दुमडून बसवलेली असते. बोथट केलेल्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने ती एका वेळी एक-दोन मिलिमीटरच उचलायची, पूर्ण फेरी मारायची, मग पुन्हा थोडी. घाई केली की रिमला लाटा पडतात आणि नंतर पाणी आत येतं. आत गेल्यावर डायलला हात लावू नका. कापडाने पुसलं तर छपाई उडते, फक्त ब्लोअरने धूळ उडवा.

सुई मी काढली नाही. ती उपटताना कमान वाकण्याची भीती असते. गल्लीच्या टोकाला घड्याळं दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांना मीटर दाखवला. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, “अरे, हे तर मोठं घड्याळच आहे. तेल नको टाकूस, आधी धू.” त्यांच्या सांगण्याप्रमाणे मेडिकलमधून इन्सुलिनची सिरिंज आणली आणि लायटरचं पेट्रोल थेंब थेंब बुशवर सोडलं. सुई हलक्या हाताने फिरवायची, थेंब सोडायचा, टिशूच्या टोकाने तपकिरी चिकटा टिपायचा. असं आठ-नऊ वेळा. हे काम उघड्यावरच करा आणि थेंब डायलवर पडू देऊ नका. सुकल्यावर काकांनी स्वतः एका वेगळ्या सुईच्या टोकावरून घड्याळाचं तेल लावलं, मोहरीच्या दाण्याहूनही कमी. पैसे घेतले नाहीत. चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा बारीक कीसही त्यांनाच दिसला. तो चिकटपट्टीने काढला.

तपासणी ड्रिलवर केली. जुन्या केबलच्या तारेचा तुकडा चकमध्ये पकडला आणि वेग मोजायला मित्राकडचा लेझर आरपीएम मीटर घेतला. जपानी धाटणीच्या बऱ्याच मीटरमध्ये मिनिटाला १४०० फेरे म्हणजे ताशी ६० किलोमीटर असं प्रमाण असतं, म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. आधी हाताने फिरवून आकडे पुढे जाण्याची दिशा बघा, ड्रिल त्याच दिशेने लावा. धुण्याआधी १४०० फेऱ्यांवर सुई रखडत ५०च्या आसपास जाऊन थांबायची. धुतल्यावर दोन सेकंदांत ५९, आणि ड्रिल बंद करताच थेट शून्य. तो क्षण मी तीन वेळा पुन्हा पुन्हा पाहिला. ड्रिलवर सात किलोमीटर वाढले, ते गाडीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवलेत. मिरज रोडवर फोनच्या जीपीएसशी ताडलं, तेव्हा मीटरवर ६० आणि फोनवर ५७.

टॅकोमीटर त्याच पद्धतीने धुतला आणि तिथे चुकलो. सुई आता झटकन खाली येते, पण आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन चालू असताना, फडफडते. काही टॅकोमीटरमध्ये कंपन मारण्यासाठी स्पिंडलपाशी मुद्दाम घट्ट सिलिकॉन लावलेलं असतं. मी जुना चिकटा समजून धुतला, त्यात तेही गेलं असणार. केबल काढून पाहिली. ती सरळ आहे, कुठे मुरड नाही. म्हणजे कंपन मारणारं काहीतरी परत द्यावं लागेल.

रिमोटवर चालणाऱ्या मोटारींच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये वापरतात ते सिलिकॉन तेल मागवलंय, दोन वेगवेगळ्या घट्टपणाचं. आधी पातळ लावून बघणार, टाचणीच्या टोकाएवढंच. कोणी कुठल्या घट्टपणावर सुई स्थिर केली असेल तर जरूर सांगा, कारण टॅकोमीटरची रिम मी अजून बंद केलेली नाही. काच टेपने चिकटवून मीटर कपाटात, शेवेच्या रिकाम्या डब्यात ठेवलाय.