फांग-न्गा उपसागरातील कयाक सफर: आधी पंचांग पाहावे, मग आरक्षण करावे

फुकेत बेट आणि थायलंडची मुख्य भूमी यांच्या मधोमध फांग-न्गा हा उथळ उपसागर पसरलेला आहे. त्याच्या हिरवट पाण्यातून चुनखडीची बेटे उभ्या कड्यांसह सरळ वर आलेली दिसतात. उपसागराचा बराच भाग १९८१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २००२ साली त्याचा समावेश रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्रांच्या यादीत झाला. फुकेतला जाणारे बहुतेक पर्यटक हा उपसागर वेगवान बोटीतून घाईने पाहतात. आम्ही मात्र दुपारी निघून रात्री परतणारी, मार्गदर्शकासह कयाकमधून, म्हणजे वल्ह्याने चालणाऱ्या चिंचोळ्या होडीतून, फिरवणारी सहल निवडली. या सहलीत काय पाहायला मिळेल हे कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा त्या दिवशीच्या भरती-ओहोटीवर अधिक ठरते. म्हणून मागाहून जाणाऱ्यांसाठी आधी पाण्याविषयी आणि मग प्रवासाविषयी लिहीत आहे.

येथील चुनखडी पंचवीस कोटी वर्षांहून जुनी आहे. पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी तिच्या भेगांतून झिरपत राहिले, आतून दगड विरघळत गेला आणि बेटांच्या पोटात मोठमोठ्या गुहा तयार झाल्या. त्यांपैकी काहींची छते कालांतराने कोसळली आणि चारी बाजूंनी कडे व वर उघडे आकाश असलेले चौक उरले. हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढली, तेव्हा पाणी या चौकांत शिरले. स्थानिक लोक त्यांना ‘हाँग’ म्हणतात. कित्येक हाँगमध्ये बाहेरून जाण्याची वाट एखाद्या ठेंगण्या, अंधाऱ्या बोगद्यातूनच आहे आणि तो बोगदा दिवसातून दोनदा पाण्याने भरतो व दोनदा रिकामा होतो. १९८९ साली जॉन ग्रे यांनी फुकेतहून कयाकच्या सहली सुरू केल्यानंतर हे हाँग पर्यटकांच्या वाटेवर आले.

आता पाण्याचे गणित. भरती पूर्ण असेल तर बोगद्याचे तोंड पाण्याखाली जाते आणि पूर्ण ओहोटी असेल तर आत चिखल उघडा पडतो; या दोन्हींच्या मधला काळ कामाचा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा येथे पाण्याची पातळी दोन मीटरांहून अधिक वरखाली होते. ओहोटी ते भरती हा काळ साधारण सव्वासहा तासांचा आणि त्यातल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे पाणी चढते. त्यामुळे उधाणाच्या दिवशी बोगदा कयाकजोगा राहण्याचा अवधी फारच थोडा मिळतो आणि मार्गदर्शकाला सतत घड्याळाकडे पाहत घाई करावी लागते. याउलट अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत, म्हणजे कोकणात ज्याला भांग म्हणतात त्या काळात, पाणी मधल्या पातळीच्या आसपास रेंगाळते आणि आत निवांत थांबता येते. भांगाचा तोटा एवढाच, की अगदी तळाची ओहोटी लागणारी एखादी गुहा त्या दिवसांत उघडत नाही.

भांग महिन्यातून दोनदा येतो, परंतु संध्याकाळच्या सहलीसाठी शुद्ध पक्षापेक्षा वद्य पक्षातला भांग अधिक सोयीचा. सहलीच्या शेवटी अंधारात पाण्यातील सूक्ष्म जीवांचा निळसर प्रकाश पाहायचा असतो आणि शुद्ध अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी चंद्र डोक्यावर असतो. वद्य अष्टमीनंतर तो मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. म्हणून वद्य नवमी-दशमीच्या आसपासची तारीख धरली तर गुहेतली सवड आणि रात्रीचा काळोख या दोन्ही गोष्टी एका दिवशी साधतात. आम्ही तसेच केले. थायलंडच्या नौदलाचा जलालेखन विभाग भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो आणि फुकेतसाठी ताफाओ नोई या ठिकाणचा तक्ता पाहावा. परंतु तारीख ठरवण्यापुरते घरचे पंचांग पुरेसे आहे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे वर्षभर त्याच क्रमाने तीच स्थळे त्याच वेळी दाखवण्याचे आश्वासन देणारी सहल बाजूला ठेवावी. आरक्षणापूर्वी “त्या दिवशी पाणी कसे आहे आणि कोणती गुहा आधी घेणार?” एवढा एकच प्रश्न विचारावा, ज्यांना उत्तर देता येते त्यांच्याबरोबर जावे.

या सहली फुकेतच्या ईशान्य किनाऱ्यावरील आओ पो धक्क्यावरून सुटतात. पश्चिम किनाऱ्यावरील पातोंगकडे मुक्काम असेल तर रस्त्याने तासाभराचा वेळ धरावा. हॉटेलातून नेण्या-आणण्याची सोय बहुधा शुल्कात धरलेली असते. परदेशी प्रौढांसाठी असलेले उद्यानाचे ३०० बाट प्रवेशशुल्क त्यात आहे की नाही, हे मात्र लेखी विचारून घ्यावे. धक्क्यावरून एक मोठी, छत असलेली बोट निघते आणि तिच्यावर हवेने फुगवलेल्या कयाक रचून ठेवलेल्या असतात. प्रत्येक कयाकमध्ये दोन प्रवासी आणि मागे एक मार्गदर्शक अशी व्यवस्था असते व वल्हवण्याचे काम मार्गदर्शकच करतो. कयाकिंगचा व्यायाम करण्याच्या हेतूने कोणी जात असेल तर त्याची निराशा होईल. ज्यांना स्वतः वल्हे हाती घ्यायचे आहे त्यांनी तशी सहल मुद्दाम शोधावी. गुहांच्या बाबतीत मात्र वल्हे जाणकाराच्या हातीच असावे असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याचे कारण लवकरच समजले.

पहिला थांबा पनाक या लांबट बेटापाशी होता. मोठी बोट दूर नांगरून आम्ही कयाकमध्ये उतरलो तेव्हा पाणी नुकतेच चढू लागले होते आणि कड्याच्या पायथ्याची, लाटांनी आत खोदलेली खाच पूर्ण उघडी दिसत होती. तिच्या कडेला कालवांचा थर होता. ही कालवे सुरीसारखी धारदार असतात. हात कयाकबाहेर काढू नयेत अशी सूचना मार्गदर्शक वारंवार करतो ती याचसाठी, आणि ती लहान मुलांना निघण्यापूर्वीच नीट समजावून ठेवावी. गुहेत शिरताच प्रकाश संपला. हेडलॅम्पच्या झोतात छतावरची वटवाघळे आणि चकाकणारे लवणस्तंभ दिसू लागले. हवा दमट होती आणि वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र दर्प येत होता. ज्यांना असा वास सहन होत नाही त्यांनी रुमाल जवळ ठेवावा. पुढे छत इतके खाली आले की आम्हाला पाठीवर आडवे व्हावे लागले. नाकापासून काही बोटांवरून दगड सरकत होता आणि त्या अंधारात मार्गदर्शक वल्हे बाजूला ठेवून, छताला तळवे टेकवत कयाक पुढे ढकलत होता. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी ही गोष्ट आधी सांगावी. त्यांना बोटीवर थांबता येते किंवा उंच छताच्या गुहेत नेले जाते, आणि त्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

बोगदा संपला आणि आम्ही हाँगमध्ये आलो. वर गोलाकार आकाश, चहूकडे वेलींनी आणि झुडपांनी झाकलेले कडे आणि तळाशी कांदळवन. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या, श्वासमुळांमध्ये नर खेकडे आपली एकच मोठी नांगी हलवत होते आणि लांब शेपटीची माकडे पाण्याच्या कडेला उतरून खेकडे शोधत होती. माकडांना खाऊ घालू नये आणि पिशव्या उघड्या ठेवू नयेत. ती चांगली पोहतात व कयाकपर्यंत येतात. कड्यांमुळे येथे साधे बोलणेही मोठे होऊन घुमते. आमच्या मागून आलेल्या एका गटाने हाका मारून प्रतिध्वनी ऐकण्याचा खेळ सुरू केला आणि काही क्षणांत कांदळवनातली हालचाल थांबली. ज्याला येथे काही पाहायचे असेल त्याने आवाज आवरावा. काही गुहांमध्ये पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. ती खाण्यासाठी विकली जातात आणि ती काढण्याचे ठेके दिलेले असतात. अशा गुहांत मार्गदर्शक नेत नाहीत व त्यासाठी आग्रह धरू नये.

परतताना पाणी चढलेले जाणवले. येताना डोके उचलण्यापुरती जागा होती, तेथे आता छत कयाकच्या काठाला लागत होते. मार्गदर्शकाने शांतपणे झडप उघडून कयाकमधली थोडी हवा सोडली, कयाक खाली बसली आणि आम्ही सरपटत बाहेर आलो. हवेच्या कयाक वापरण्यामागचे हेही एक कारण आहे. निघण्याची खूण झाल्यावर “आणखी एकच छायाचित्र” म्हणून थांबणे येथे धोक्याचे ठरते, कारण वाट बंद झाली तर पाणी उतरेपर्यंत आत काही तास काढावे लागतात.

त्यानंतरचे होंग बेट मोकळे आणि सुलभ आहे. कमानींखालून ये-जा करता येते आणि छायाचित्रांसाठी उजेडही चांगला मिळतो. याच नावाचे दुसरे बेट क्राबी प्रांतात आहे, ते वेगळ्या राष्ट्रीय उद्यानात येते आणि पुळणीसाठी ओळखले जाते. आरक्षण करताना दोहोंची गल्लत होऊ देऊ नये. जेम्स बाँड बेट म्हणून ओळखला जाणारा तापू हा सुळका आम्ही लांबूनच पाहिला. बोटींना त्याच्या अगदी जवळ जाण्यास मनाई आहे, समोरच्या बेटावर दुपारपर्यंत दाटी असते आणि कयाकच्या दृष्टीने तेथे विशेष काही नाही. तोंडात श्वासाची नळी धरून (स्नॉर्केलिंग) प्रवाळ पाहण्याची अपेक्षा मात्र या उपसागरात ठेवू नये. पाण्यात गाळ असल्याने ते गढूळ हिरवे असते. त्यासाठी सिमिलानसारखी बेटे आहेत.

संध्याकाळी बोटीवर जेवण होते. शाकाहारींनी आरक्षणाच्या वेळीच कळवावे आणि केवळ मांस नको एवढे सांगून थांबू नये, कारण भाज्यांमध्येही माशांचा किंवा कालवांचा अर्क घालण्याची पद्धत आहे. थायलंडमध्ये कडक शाकाहारी जेवणासाठी ‘जे’ हा शब्द वापरतात. तो वापरला की अर्थ लगेच पोहोचतो, मात्र त्यात दूध, अंडी आणि कांदा-लसूणही नसते. काही सहलींत जेवणानंतर केळीच्या खांबाच्या चकतीवर पाने, फुले, मेणबत्ती आणि उदबत्ती मांडून क्राथोंग करायला शिकवतात. लोय क्राथोंग हा सण सहसा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास येतो, त्यामुळे पाण्यात दिवे सोडण्याचे आपल्याला नवल वाटत नाही. एकच पाहावे, की दिवा सोडल्यानंतर ते सारे पाण्यातून परत उचलले जाते ना. आमच्या मार्गदर्शकांनी उचलले.

अंधार पडल्यावर पुन्हा एका गुहेत नेले आणि सर्व दिवे विझवायला सांगितले. हात पाण्यात फिरवला की बोटांभोवती निळसर ठिणग्या उमटतात आणि हात थांबला की विझतात. हा प्रकाश साध्या छायाचित्रात सहसा येत नाही, त्यामुळे मोबाइल बंद ठेवावा. त्याच्या पडद्याचा उजेड आपल्यासकट सगळ्यांच्या डोळ्यांची अंधाराची सवय मोडतो. ठिणग्यांची संख्या रोज सारखी नसते, आणि समुद्र झगमगताना दाखवणारी जाहिरातींतली चित्रे मनातून काढून टाकावीत.

कपडे लवकर वाळणारे आणि लांब बाह्यांचे असावेत. ओल्या कातळावर न घसरणाऱ्या, पट्टा असलेल्या चपला घालाव्यात. चष्म्याला दोरी लावावी आणि मोबाइल जलरोधक पिशवीत ठेवावा. थायलंडच्या सागरी उद्यानांत प्रवाळांना घातक ठरणारी चार रसायने असलेली सनस्क्रीन २०२१ पासून निषिद्ध आहेत व त्यासाठी एक लाख बाटपर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनोक्सेट ही त्यांतली दोन नावे बाटलीवर तपासून घ्यावीत. एकदाच वापरून फेकण्याच्या प्लास्टिकलाही राष्ट्रीय उद्यानांत मनाई आहे. लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यांनीही घालावे, आणि मुलांच्या मापाचे आहे की नाही ते धक्क्यावरच पाहावे, बोट सुटल्यावर नव्हे. पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे असलेल्यांना बोटीवरून डुलत्या कयाकमध्ये उतरणे आणि आडवे होऊन उठणे अवघड जाते. आमच्यातील ज्येष्ठांना दोन मार्गदर्शकांनी धरून उतरवले तेव्हा ते जमले.

नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ उत्तम, त्यातही मार्च-एप्रिलमध्ये उकाडा फार असतो. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या महिन्यांत फुकेत बेटाच्या आडोशामुळे उपसागर पश्चिम किनाऱ्यापेक्षा शांत राहतो आणि सहली चालू असतात, परंतु सरी आणि वारा गृहीत धरावा व तारीख पुढे ढकलण्याची मुभा असलेले आरक्षण घ्यावे. धक्क्यावर परत येईपर्यंत रात्रीचे आठ वाजून जातात आणि हॉटेलात पोहोचायला दहाही होतात, त्यामुळे त्या रात्रीचे विमान किंवा दुसऱ्या दिवशी पहाटेची सहल ठरवू नये.