आयपॅडओएस २६ वर स्प्लिट व्ह्यू आणि स्लाइड ओव्हरची घडी पुन्हा बसवताना: २६.२ पर्यंतच्या नोंदी

सप्टेंबर २०२५ मध्ये आयपॅडची नवी कार्यप्रणाली आयपॅडओएस २६ आली आणि २०१५ च्या आयओएस ९ पासून हाताला बसलेल्या दोन सोयी गेल्या: स्प्लिट व्ह्यू (दोन ॲप्स शेजारीशेजारी) आणि स्लाइड ओव्हर (बाकी ॲप्सवर काठाशी तरंगणारं छोटं ॲप). त्यांच्या जागी मॅकसारख्या खिडक्या आल्या. नवी पद्धत ताकदवान आहे यात वाद नाही. पण डावीकडे पीडीएफ, उजवीकडे नोट्स आणि काठाशी शब्दकोश एवढंच रोज लागणाऱ्याला तीच मांडणी आता वेगळ्या वाटेने करावी लागते. ती वाट कुठवर आली आहे, त्याच्या या नोंदी.

जुन्या आवृत्तीवर परत जाण्याचा विचार आधीच सोडून द्या. ॲपल जुन्या आवृत्तीवर ‘सही करणं’, म्हणजे ती बसवायला डिजिटल मंजुरी देणं, थांबवतं; त्यानंतर ती बसतच नाही. शिवाय नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर उतरत नाही.

पाया: मोड तपासा

खिडक्यांची मांडणी खिडकीच्या कोपऱ्यातल्या हिरव्या ठिपक्यावरून होते. ‘हिरवा ठिपका दिसतच नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. आयपॅड ‘फुल स्क्रीन ॲप्स’ मोडमध्ये असतो. सेटिंग्जमध्ये ‘मल्टीटास्किंग अँड जेश्चर्स’ उघडा. तिथे तीन पर्याय आहेत: फुल स्क्रीन ॲप्स, विंडोड ॲप्स, स्टेज मॅनेजर. आपल्याला विंडोड ॲप्स हवं. फुल स्क्रीनमध्ये एका वेळी एकच ॲप, तिथे दोन ॲप्स शेजारी मांडता येत नाहीत. मोड कंट्रोल सेंटरमधूनही बदलता येतो. त्यामुळे चुकून बोट लागून तो बदलला, तर आधी तिथेच बघा.

विंडोड ॲप्स यायला महागडा आयपॅड लागत नाही. २०२२ मध्ये आलेलं स्टेज मॅनेजर (खिडक्यांचे गट करून कामं वेगळी ठेवणारा मोड) निवडक मॉडेल्सपुरतं होतं. हा मोड मात्र २६ चालणाऱ्या प्रत्येक आयपॅडवर आहे. जुन्या चिपवर एका वेळी उघड्या राहणाऱ्या खिडक्या कमी असतात, एवढाच फरक.

स्प्लिट व्ह्यूची जागा

खिडकीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन ठिपके असतात. एरवी ते अगदी बारीक असतात. एकदा टेकवलं की मोठे होतात. हिरव्यावर बोट दाबून धरलं की मांडणीचा मेनू उघडतो आणि त्यात अर्धा भाग, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा असे पर्याय येतात. नुसतं टेकवलं तर खिडकी पूर्ण पडदा व्यापते. घाईत नेमकं हेच होतं, म्हणून बोट जरा जास्त वेळ धरून ठेवा.

याहून झटपट मार्ग म्हणजे खिडकीची वरची पट्टी धरून ती काठाकडे भिरकावायची. इथे वेग महत्त्वाचा. हळूहळू ओढत नेली, तर खिडकी फक्त सरकते आणि अर्धीअधिक पडद्याबाहेर जाऊन लटकते. झटका देऊन बोट उचललं तरच ती अर्ध्या पडद्यावर चिकटते. दुसरी खिडकी विरुद्ध बाजूला तशीच भिरकावली की मधली दुभाजक रेघ ओढून दोन्हींची रुंदी एकदमच कमीजास्त करता येते. इथपर्यंत आलं की जुनं स्प्लिट व्ह्यू जवळजवळ हातात आलंच.

ॲप पूर्ण पडद्यावर असताना ठिपके लपलेले असतात. वरच्या काठावरून बोट किंचित खाली आणा, मेनूबारसोबत तेही येतात. जास्त ओढलंत तर नोटिफिकेशन्सचा पडदा उतरतो.

२६.१: स्लाइड ओव्हर परतलं, पण बदललेलं

नोव्हेंबर २०२५ च्या २६.१ मध्ये हिरव्या ठिपक्याच्या मेनूत स्लाइड ओव्हरमध्ये नेण्याचा पर्याय आला. तो निवडला की खिडकी बाकी सगळ्यांच्या वर तरंगते. काठाबाहेर सरकवली की लपते आणि काठाशी उरलेली छोटी खूण आत ओढली की परत येते. बाहेर पडायचं असेल तर त्याच मेनूत तसा पर्याय आहे.

एका बाबतीत हे जुन्यापेक्षा सरस आहे, कारण आकार आता बदलता येतो. पूर्वीची उभी, फोनसारखी अरुंद पट्टी शब्दकोशाला चालायची, पण कॅलेंडर किंवा स्प्रेडशीटला अपुरी पडायची. आता कोपरा ओढून हवी तेवढी रुंदी घ्या.

दुसऱ्या बाबतीत तोटा आहे आणि तो खरंच जाणवतो. २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून स्लाइड ओव्हरमध्ये अनेक ॲप्सची थप्पी ठेवून खालच्या पट्टीवरून ती पत्त्यांसारखी पालटता यायची. आता तिथे एकच ॲप राहतं.

२६.२: डॉकमधून ओढणं

डिसेंबर २०२५ मधला हा बदल आमच्या मते सगळ्यात मोलाचा. २६ आणि २६.१ मध्ये आधी ॲप उघडा, मग ठिपका शोधा, मग मेनू, एवढी यातायात होती. २६.२ पासून डॉक (पडद्याच्या तळाची ॲप्सची पट्टी), ॲप लायब्ररी (सगळ्या ॲप्सची यादी) किंवा स्पॉटलाइट शोधातला आयकॉन उचलून थेट पडद्याच्या बाजूला नेता येतो. तिथूनच तो अर्ध्या भागात बसवायचा की स्लाइड ओव्हरमध्ये टाकायचा, हे ठरतं.

गफलत होते ती सोडताना. काठाजवळ बोट थोडं मागेपुढे केलं की आयकॉनचं रूप बदलतं आणि कोणती मांडणी होणार ते दिसतं. ते नीट दिसेपर्यंत बोट उचलू नका. सुरुवातीलाही एक अडचण आहे. डॉकमधल्या आयकॉनवर बोट फार वेळ स्थिर ठेवलं तर ओढण्याऐवजी त्याचा मेनू उघडतो. दाबा, आयकॉन उचलला गेल्याचं जाणवताच सरकायला लागा.

स्पॉटलाइटचा मार्ग कीबोर्डवाल्यांना विशेष सोयीचा. कमांड आणि स्पेस दाबून नाव टाइप करायचं आणि निकालातला आयकॉन ओढायचा. डॉकमध्ये गर्दी करण्याची गरजच उरत नाही. बाकीचे शॉर्टकट बघायला ग्लोब कळ दाबून धरा, यादी समोर येते.

पडद्यावरचा कीबोर्ड

देवनागरीत पडद्यावरच टाइप करणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र मुद्दा. आडव्या पडद्यावर पूर्ण आकाराचा कीबोर्ड खालचा मोठा भाग खातो आणि तरंगती खिडकी त्याच्याशी भांडू लागते. कीबोर्डवर दोन बोटांनी चिमटा घेतला की तो लहान होऊन तरंगतो. मग तो स्लाइड ओव्हरच्या विरुद्ध कोपऱ्यात नेऊन ठेवा. पुन्हा मोठा करायला दोन बोटं फाकवायची.

अजून अडलेलं

थप्पीला आज थेट पर्याय नाही. त्यातल्या त्यात बरी सोय अशी: सर्वांत जास्त लागणारं ॲप स्लाइड ओव्हरमध्ये ठेवा आणि उरलेली एकदा लहान, उभ्या आकारात करून उजव्या कोपऱ्यात एकावर एक मांडा. प्रत्येक खिडकी आपला आकार आणि जागा लक्षात ठेवते, त्यामुळे डॉकमधून ॲप पुन्हा उघडलं की ती तिथेच येते. खालून वर स्वाइप करून बोट थांबवलं की सगळ्या खिडक्या पसरून दिसतात, हवी ती निवडता येते. फक्त या लहान खिडक्या मागच्या ॲपवर टेकवताच त्याच्याखाली जातात. कायम वर राहते ती स्लाइड ओव्हरमधली एकटीच.