पोलादपूर ते महाबळेश्वर, हातोडी घेऊन

आंबेनळी घाट गाडीने चढायला दीड-दोन तास पुरतात. आम्ही पोलादपूरहून सकाळीच निघालो, पण ऊन कलायला लागलं तरी प्रतापगडाच्या फाट्याला पोचलो नव्हतो. बस पुढच्या वळणावर जाऊन उभी राहायची, मधला रस्ता आम्ही पायी तुडवायचो आणि डोंगर कापून उघडा पडलेला खडक दिसला की थांबायचो. म्हणजे जवळजवळ दर वळणाला.

बी.एस्सी. जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाची फील्ड टूर होती. ठिकाण जाहीर झालं तेव्हा वर्गात नाराजीच पसरली. दुसऱ्या कॉलेजांतली ओळखीची मुलं कच्छला जाऊन ज्युरासिक काळातले अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या शंखांचे जीवाश्म, बघून आलेली, कुणी स्पितीचे फोटो टाकलेले, कुणी अरवलीत घड्या पडलेल्या खडकांसमोर उभं राहून ऐट मिरवलेली. आणि आमच्या वाट्याला बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक! जो कॉलेजच्या कुंपणाच्या भिंतीतही आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग या एकाच खडकाने व्यापलाय. थर आडवे, घड्या नाहीत, जीवाश्म शोधायचे तर लाव्हाच्या थरांमध्ये क्वचित कुठे सापडणाऱ्या गाळाच्या पट्ट्या हुडकत फिरायचं. 'स्ट्रक्चर'चा, म्हणजे खडकांच्या घड्या-भेगांचा, पेपर तर आम्ही बराचसा नकाशांवरच शिकतो. बसच्या मामांनी पहिल्याच थांब्यावर आमच्या मनातलं बोलून टाकलं, "सगळा काळाच दगड की हो. एक बघितला म्हणजे झालं."

टूर डिसेंबरात होती, आणि ती तेव्हाच असावी लागते. पावसाळ्यात या घाटात खडक दिसतच नाही. शेवाळ, गवत आणि धुकं यांच्याआड सगळं झाकलेलं असतं. प्रत्येकाजवळ हातोडी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, नमुन्यांच्या पिशव्या, मार्कर, फील्ड नोटबुक. गटागटात एकेक ब्रंटन कंपास (दिशा आणि कल मोजणारं होकायंत्र) आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपर-बाटली. वाहतूक चालू असलेला रस्ता, म्हणून अंगात चकाकणारी जॅकेटं, आणि वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहायचं नाही अशी सक्त ताकीद.

पहिल्या थांब्यावर सरांनी हातोडी काढूच दिली नाही. आधी दहा पावलं मागे जा, रस्त्यापलीकडून नुसतं बघा आणि चित्र काढा. फोटो नंतर. हा नियम मला सुरुवातीला जाचक वाटायचा. पण फोटोत सगळंच येतं आणि म्हणून काहीच ठरवावं लागत नाही. चित्र काढताना ही रेघ कुठे संपते, हा भाग वेगळा का दिसतो, हे ठरवल्याशिवाय पेन्सिल पुढे सरकत नाही. अर्ध्या तासात त्या 'सगळ्या काळ्या' भिंतीत तीन वेगळे पट्टे दिसायला लागले.

मधला पट्टा घट्ट, उभ्या भेगांनी चिरलेला. तो लाव्हाच्या एका प्रवाहाचा गाभा. सावकाश थिजला, आकसला आणि तडकला. वरचा भाग सच्छिद्र, कारण लाव्हातला वायू बुडबुडे होऊन वर चढत होता आणि तिथेच अडकला. सगळ्यांत मजेशीर तो तळ. गुडघे टेकून बघितल्यावर तिथे बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसल्या, खालून वर गेलेल्या, काही किंचित एका बाजूला कललेल्या. पाइप व्हेसिकल्स. लाव्हाच्या तळातून वायू वर सुटताना या नळ्या राहून जातात, आणि वरचा लाव्हा अजून सरकत असेल तर त्या कलतात. त्यांच्या कलावरून प्रवाह कुठे वाहत होता याचा अंदाज बांधता येतो, पण एका नळीवर विश्वास टाकायचा नाही. वर्गात हे फळ्यावर काढलेलं असतं. इथे त्या नळीत पेन्सिलीचं टोक घालून कल मोजायचा होता.

मग कंपासची गोष्ट. आमच्यातल्या एकाने भेगेची दिशा मोजायला ब्रंटन सरळ खडकावर टेकवला. सर म्हणाले, "अरे, आता तोच कंपास हळूहळू वर उचल." वीतभर उचलला तर काटा चांगला आठ-दहा अंशांनी सरकला. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकीय खनिज असतं आणि ते काट्याला ओढतं. म्हणून इथे कंपास खडकापासून लांब धरून, नजरेने रेषा जुळवून मोजायचं. पण हेच मॅग्नेटाइट कामाचंही आहे. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात कोरली जाते. या घाटातल्या खालच्या प्रवाहांत ती दिशा आजच्या उलट आहे. ते थिजत होते तेव्हा आमच्या ब्रंटनचा उत्तरेचा काटा दक्षिणेकडे वळला असता. वर महाबळेश्वरच्या बाजूला गेलं की ती आजच्यासारखी होते. म्हणजे क्षेत्र पालटल्याची नोंद याच रस्त्यावर कुठेतरी आहे, पण ती हातातल्या कंपासने सापडत नाही. त्यासाठी नमुन्याची दिशा खडकावरच खुणेने नोंदवून, तो कापून प्रयोगशाळेत न्यावा लागतो.

दुपारपासून आमचा सगळा वेळ लाल पट्ट्यांनी खाल्ला. दोन काळ्या प्रवाहांच्या मधे विटेच्या रंगाचा, कधी चार बोटं तर कधी कमरेएवढ्या जाडीचा मातकट थर असतो. त्याला सगळे रेड बोल म्हणतात. नखाने खरवडला तर भुकटी निघते. खालच्या प्रवाहाचा माथा हवापाण्याने कुजला, कुठे वर राख पडली, आणि मग पुढचा तापलेला लाव्हा येऊन त्यावर पसरला. त्यामुळे बोलचा वरचा काठ बहुधा सुरीने कापल्यासारखा स्पष्ट असतो, खालचा मात्र हळूहळू खडकात विरत जातो. वर-खाली कुठलं हे सांगायला एवढं पुरतं. भेगांनी वेगळे झालेले ठोकळे कडांनी कुजून गोल होतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटतात, तेही याच पट्ट्याखाली ठळक दिसलं.

याच थांब्यावर मामा बसमधून उतरून आले. रेडिएटरला पाणी कुठे मिळतं हे त्यांना घाटात पाठ आहे. डिसेंबरातही कुठल्या वळणावर झिरपा चालू असतो, कुठला जानेवारीत आटतो, सगळं त्यांनी धडाधड सांगितलं. सरांनी ते आम्हाला टोपोशीटवर, म्हणजे चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर, टिपायला लावलं. संध्याकाळी आमच्या लॉगशी, म्हणजे थरांच्या क्रमवार नोंदीशी, ताडून बघितलं तर त्यातले बहुतेक झिरपे लाल पट्ट्याच्या लगेच वर होते. सच्छिद्र आणि भेगाळ भागातून पाणी खाली उतरतं, चिकणमातीच्या बोलवर अडतं आणि उतारावर बाहेर येतं. हायड्रोजिऑलॉजीच्या वहीत 'बेसॉल्टमधील जलधारक स्तर' अशा मथळ्याखाली हेच सगळं आहे, आणि मी ते आदल्याच सत्रात परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

पाणी अडवणारा तोच थर पावसाळ्यात घातक ठरतो. 2021च्या जुलैतल्या अतिवृष्टीत महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या आणि हा घाटही बंद पडला होता. रस्त्यालगत त्या वर्षीच्या खुणा अजून दिसतात, उतारावर मधेच सोललेला पट्टा आणि खाली दगडमातीचा ढीग. दर वेळी कारण एकच नसतं. कुजलेल्या मातीची जाडी, उताराचा कोन, भेगांची दिशा, रस्त्यासाठी तोडलेला पायथा, सगळं मोजावं लागतं. त्या ढिगासमोर कुणी सेल्फी काढली नाही, हे नोंदवून ठेवते.

वाटेत खडकाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक दिसले की मात्र शिस्त मोडायची. पंख्यासारखे पसरलेले, मोत्याची झाक असलेले स्टिल्बाइट, सुयांचे झुबके, हिरवट लेप. आम्लाचा थेंब टाकला आणि फसफसलं की कॅल्साइट, नाही फसफसलं की स्टिल्बाइटसारख्या झिओलाइट खनिजांचा विचार करायचा. लाव्हा थिजून गेल्यानंतर केव्हातरी खडकातून फिरणाऱ्या गरम पाण्याने या पोकळ्या भरल्या. सुंदर आहेत, पण टूरवर सर्वांत जास्त वेळ यांच्यात जातो आणि अहवालात यांच्यावर दोन ओळी येतात, हे पहिल्यांदा जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

प्रतापगडाच्या अलीकडे बस एका अगदी साध्या भिंतीपाशी थांबली. ना लाल पट्टा, ना स्फटिक. सर म्हणाले, "इथे कुठेतरी पोलादपूर फॉर्मेशन संपतं आणि आंबेनळी सुरू होतं. दाखवा." फॉर्मेशन म्हणजे एका नावाखाली बांधलेला प्रवाहांचा गट. आम्ही भिंगं काढली. वरचा तुकडा, खालचा तुकडा, दोन्ही काळे, दोन्ही बारीक कणांचे. कुणालाच काही दाखवता आलं नाही, आणि दाखवता येणारही नव्हतं. ही विभागणी डोळ्यांनी केलेलीच नाही. 1985 साली कॉक्स आणि हॉक्सवर्थ यांनी महाबळेश्वर परिसरातल्या प्रवाहांची रासायनिक क्रमवारी मांडली. आंबेनळीच्या खडकात स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचं) गुणोत्तर 0.704च्या आसपास राहतं, पोलादपूरच्या खडकात ते 0.705च्या वर जातं. पोलादपूरचा लाव्हा वर येताना जुन्या खंडीय कवचाचा अंश घेऊन आला, आंबेनळीचा त्या मानाने स्वच्छ वर आला. ज्या खडकाला आम्ही वर्षभर 'एकसारखा' म्हणून नावं ठेवली, त्याच्या पोटात एवढा फरक आणि तो बाहेर दिसू न देण्याएवढा तो मुरलेला! माझी बेसॉल्टवरची नाराजी संपली ती या भिंतीपाशी. अमोनाइट सुंदर असतो, पण तो आपण कोण ते स्वतःहून सांगतो.

मुक्कामाला पोचल्यावर रात्री लॉग पक्के करायचे आणि मग वाद. डायनोसॉर नष्ट झाले तो काळ साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, दख्खनचे हे प्रवाहही त्याच सुमाराचे, आणि मेक्सिकोतलं लघुग्रह आदळून झालेलं चिक्शुलूबचं विवरही तेव्हाचंच. मग दोष कुणाचा? 2019 साली 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. प्रिन्स्टनच्या गटाने मुख्यतः लाल बोलमधले झिरकॉन या खनिजाचे कण घेऊन युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढलं आणि सामूहिक विनाशाच्या थोडंच आधी उद्रेकाचा मोठा झपाटा येऊन गेला असं मांडलं. बर्कलीच्या गटाने लाव्हातल्या प्लॅजिओक्लेज या खनिजावर आर्गॉन पद्धत वापरली. त्यांच्या हिशेबाने बहुतेक लाव्हा विनाशाच्या नंतर बाहेर पडला. डोंगर हेच. आमच्या खोलीत लघुग्रहवाले जास्त निघाले. मी अजून कुठल्याच बाजूला नाही, पण दिवसभर नखाने खरवडलेल्या त्या लाल मातीतून कुणी झिरकॉन वेचले हे वाचल्यावर त्या थराचा लॉग मी पुन्हा नीट काढला.

महाबळेश्वरचं वर्णन इतरांनी भरपूर केलंय, मी थोडक्यात आवरते. आर्थर सीटवरून सावित्रीच्या दरीपलीकडचे कडे पाहिले तर आडव्या पायऱ्या दिसतात. घट्ट गाभ्याचा कडा, कुजक्या भागाचा गवताळ उतार, पुन्हा कडा. खालून चढत आलेला सगळा लॉग समोर उभा केलेला. सुमारे बाराशे मीटर जाडीचा हा छेद रस्त्याने चालत बघता येतो, आणि तरी बेसॉल्टचा तळ इथे कुठेच उघडा पडत नाही. तो पाहायला छिद्रच पाडावं लागतं. कोयनेजवळच्या वैज्ञानिक खोदकामात सुमारे 930 मीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइट-नाइस या जुन्या खडकांचा पाया लागला.

पाचगणीच्या टेबललँडवर घोडेवाले आणि फोटोवाले यांच्या गर्दीत आम्ही जमिनीकडे बघत फिरत होतो. हे पठार 'ज्वालामुखीचं' म्हणून दाखवतात. खालचा खडक ज्वालामुखीचाच, पण माथ्यावर टिकून आहे तो जांभा. बेसॉल्टमधली सिलिका आणि विरघळणारं बाकी सगळं दीर्घकाळच्या पावसाने धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचं कडक टोपण झालं. कडेला जाऊन बघितलं की वरचा भोकाभोकांचा जांभा, त्याखाली मऊ रंगीत माती आणि त्याखाली ओळखीचा काळा खडक असा क्रम लागतो. घोड्यावर बसून तो दिसत नाही.

परतल्यावरचं काम टूरपेक्षा लांबलं. नमुना कापायचा, काचेवर चिकटवायचा, कार्बोरंडमच्या भुकटीत घासत घासत 0.03 मिलिमीटर जाडीवर आणायचा. शेवटच्या टप्प्यात जरा जोर जास्त झाला की पातळ छेद काचेवरून गायब. जमला की सूक्ष्मदर्शकाखाली प्लॅजिओक्लेजच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, ऑजाइटचे भडक रंग आणि मधे मधे पूर्ण काळे राहणारे लोह-टायटॅनियमच्या ऑक्साइडचे कण, म्हणजे ब्रंटनचा काटा ओढणारी मंडळी. साध्या भिंतीच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही छेद मी शेजारी ठेवून पाहिले. इथेही फरक सांगता येईना.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी माझा लॉग समोर धरला आणि लाल पट्ट्यावर बोट ठेवून विचारलं, "हा थर बनायला किती काळ लागला?" नुसत्या जाडीवरून सांगता येत नाही, हवामान आणि मूळ द्रव्य दोन्ही ठाऊक हवं, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न भिंतीबद्दल विचारला. त्या जागेचे नमुने रासायनिक विश्लेषणासाठी पाठवलेत. निकाल येईपर्यंत माझ्या नकाशावर पोलादपूर आणि आंबेनळीमधली रेषा तुटकच ठेवायची आहे.