नॉरईस्टरनंतर रॅरिटनकाठी: एडिसन ते मॅनव्हिल

एप्रिलचं नॉरईस्टर, म्हणजे ईशान्येच्या वाऱ्याचं मोठं वादळ, सरून ऊन पडलं की न्यू जर्सीतल्या एडिसन-पिस्कॅटवेकडची मंडळी, भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन, रॅरिटन नदीचं पाणी बघायला निघतात. घाई इथेच नडते. वॉचंगच्या टेकड्यांवरून येणारे ग्रीन ब्रुक, मिडल ब्रुक हे ओढे पावसाबरोबर काही तासांत फुगतात आणि लवकर ओसरतात. रॅरिटन मात्र साऱ्या खोऱ्याचं पाणी गोळा करत मागाहून चढते, तेव्हा आभाळ निरभ्रही असू शकतं. 15 एप्रिल 2007 ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका दिवसात 7.57 इंच पाऊस झाला. त्याच वादळात रॅरिटनकाठच्या बाउंड ब्रुक गावात पुराचं पाणी शिरलं. त्यात ईशान्येचा वारा रॅरिटन उपसागराचं पाणी आत दाबून धरतो, म्हणून न्यू ब्रन्सविकजवळ भरतीच्या वेळी नदीला उतरायला वाव उरत नाही.

निघण्याआधी यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या) संकेतस्थळावर बाउंड ब्रुकचं, कॅल्को धरणाखालचं नदीच्या पातळीचं मापक उघडा. तिथली पूरपातळी 28 फूट. 1999 च्या फ्लॉइड चक्रीवादळात पाणी 42 फुटांच्या वर गेलं होतं. आकड्यापेक्षा आलेखाचा कल बघा. पातळी 26 फूट असली आणि रेघ अजून चढत असली, तर त्या दिवशी जाऊ नका.

पहिला थांबा जॉन्सन पार्क. हा बाग नदीच्या पूरमैदानातच आहे, त्यामुळे आधी तोच बुडतो. पाणी उतरल्यावर गवत कोरडं दिसलं तरी खाली गाळ मऊ असतो आणि चाकं रुततात. गाडी डांबरावरच लावा. रस्त्यावर आडवे लावलेले कठडे ओलांडू नका. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलतं, आणि गढूळ पाण्याखालचा रस्ता खचलाय का ते वरून कळत नाही.

लँडिंग लेन पुलापासून साउथ बाउंड ब्रुकपर्यंत डेलावेअर-रॅरिटन कालव्याकाठची वाट एरवी फार सुंदर आहे. पण तिच्या एका हाताला कालवा आणि दुसऱ्या हाताला नदी, आणि बाहेर पडायला जागा मोजक्याच: पूल नाहीतर लॉक (कालव्यात बोटी वर-खाली नेण्याचे दरवाजे). पाणी वाटेवरून वाहून जातं तिथे बारीक खडी धुपून वाटेत घळ पडते. सायकल न्यायची असेल तर ही वाट खुली आहे का ते कालव्याच्या उद्यानाच्या कार्यालयाकडून समजून घ्या. पडलेल्या झाडांना हात लावू नका. पॉयझन आयव्हीच्या वेलीला पानं नसली तरी ती अंगाला बाधते. परतल्यावर गोचिड्या तपासा.

बाउंड ब्रुकला आता पूरभिंती आणि दरवाजे आहेत. रुळांवरचा दरवाजा बंद झाला की रॅरिटन व्हॅली लाइन ही रेल्वे तिथे तुटते, म्हणून ‘रेल्वेने परत येऊ’ हा बेत धरू नका.

मॅनव्हिलची लॉस्ट व्हॅली ही वस्ती मिलस्टोन आणि रॅरिटन या नद्यांच्या बेचक्यात आहे. तिथे फोटो काढायला जाऊच नये. पुरानंतर लोक भिजलेले गालिचे, भिंतींचे तक्ते रस्त्याकडेला काढत असतात आणि ट्रकला जागा लागते. मदतीला जात असाल तर गुडघाभर रबरी बूट, जाड हातमोजे आणि प्यायचं पाणी आपलं आपण न्या. त्या चिखलात सांडपाणी आणि तळघरांतलं तेल मिसळलेलं असतं. कापलेली जखम असेल तर त्यात उतरू नका, आणि गाडीत बसण्याआधी बूट काढून पिशवीत बांधा.