काळ्या रानात घर: पायाआधीचा हिवाळा

गेवराई तालुक्यातली आमची जमीन गोदाकाठची, काळीभोर. कापूस घ्या, ऊस घ्या, येतो. पण तिच्यावर घर बांधायचं म्हटलं की जाणती माणसं पहिल्यांदा एकच विचारतात, "मुरूम किती खाली लागतो?" पाया टेकतो तो त्या कडक थरावर. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात भेगेत कोपरापर्यंत हात जातो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके तडे गेलेल्या भिंती गावात पाहिलेल्या होत्या, म्हणून जमिनीखालच्या कामाचे पैसे मी आधीच बाजूला काढले.

जागा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत आहे. त्यामुळे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड खाली अकृषिकची (शेतजमीन घरासाठी वापरण्याची) वेगळी परवानगी लागली नाही. कर भरून सनद घेतली. मोजणी मात्र सोयाबीन निघाल्यावरच करून घेतली, उभ्या पिकात हद्दीच्या खुणा सापडत नाहीत. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातातच, तरी मी प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगून आलो. पुढे मुरमाचे टिप्पर त्यांच्याच बांधावरून यायचे होते, आणि रब्बीची ज्वारी गुडघ्याला लागायच्या आत ते आणून टाकायचे होते.

दिवाळीनंतर रान वापशावर येतं. जेसीबी रुतत नाही, खणलेल्या कडा ढासळत नाहीत, विहिरीला पाणी असतं. अडचण माणसांची. नेमकी त्याच वेळी गावातली निम्मी घरं ऊसतोडीला निघतात. म्हणून गवंडी आणि बिगारी दसऱ्याआधीच ठरवले. हिवाळाभर काम मिळतंय म्हटल्यावर एक जोडपं उचल न घेता गावातच थांबलं आणि त्यांच्या दोन्ही पोरांची शाळा सुटली नाही. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त समाधान याचंच वाटलं.

आखणी फक्कीने केली, काटकोन तीन-चार-पाचच्या मापाने तपासला आणि भूमिपूजन उरकून खोदाई सुरू केली. वरची काळी माती कुठेही न टाकता परत कापसाच्या रानात पसरली. तिच्याखाली चुनखडीची पांढरट माती लागली आणि सात फुटांवर टिकावाचा आवाज बदलला. गवंडीमामा खड्ड्यात उतरले, मूठभर मुरूम घेऊन त्यावर पाणी टाकलं आणि तळहातावर चोळला. बोटांना चिकटला नाही. "बस, हितंच बसवू," म्हणाले. मुरूम फारच खोल असेल तिथे रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, बुडाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, वापरतात. ते साधारण साडेतीन मीटर खाली जातात, कारण तिथवर ऋतूंप्रमाणे होणारी मातीची हालचाल जवळपास थांबलेली असते. आम्हाला ती गरज पडली नाही.

खड्डे उघडे ठेवायचे नाहीत हे पक्कं ठरवलं होतं. अवकाळी पाऊस झाला तर तळ पुन्हा मऊ होतो. फुटिंग, म्हणजे पायाचं काँक्रीटचं बूड, झाल्यावर बाजूने काळी माती भरायचीच नाही. मुरूमच टाकायचा, तोही अर्ध्या-अर्ध्या फुटाचा थर देऊन, पाणी मारून आणि धुम्मस करून. एकदम भरून वरून दाबलेला मुरूम पुढे बसतो आणि फरशी खचते.

थंडीत काँक्रीट हळू आवळतं, त्यामुळे ओतकाम ऊन वर आल्यावरच केलं आणि बीमवर ओली पोती टाकली. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असल्याने किमान १० दिवस पाणी मारणं भाग होतं. शेतपंपाची वीज पाळीने, कधी रात्री येते. म्हणून आधीच हौद बांधून घेतला आणि वीज असेल तेव्हा तो भरून ठेवला.

संक्रांतीआधी जोतं झालं, जमिनीपासून अडीच फूट उंच. भिंती आता चढतील. त्यानंतर घराभोवती तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा टाकायचा आहे, म्हणजे पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरणार नाही. तो मृगाच्या आत व्हायलाच हवा.